बोट बुडाली, एवढंच

"मावशी, पहिला दीड तास पळव ना. सरळ बर्फावर आदळते तिथून लाव."

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. सुट्टीत आमच्याकडे नागपूरला येतो आणि रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं सिनेमा लावतो. समुद्रातल्या बुडण्याचे जेवढे म्हणून मोठे सिनेमे निघाले, तेवढे त्याने आधीच पाहिलेले असतात, पण तुकड्यांत. कोणीतरी फक्त लाटा आणि जहाजं कापून एकापुढे एक जोडून ठेवलेली असतात, ते तो मोबाइलवर पाहतो. दहा-बारा मिनिटांत सात जहाजं बुडतात. एकदा मी विचारलं, "तो कठड्यावरून खाली पडला, तो कोण होता रे?" तर म्हणाला, "काय माहीत. पण पडला भारी."

ते 'पडला भारी' माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेलं नाही. त्याच्यावर राग नव्हता. मलाही लाट आवडते. अंधारात, मोठ्या पडद्यावर, पाण्याची भिंत उभी राहते आणि क्षणभर सगळं टॉकीज श्वास धरतं, त्या क्षणासाठी मी आजही तिकीट काढीन. प्रश्न एवढाच की पडणारा माणूस कोण होता, हे विचारावंसंही वाटू नये, असं सिनेमात नेमकं काय हरवतं?

नागपूरच्या माणसाने समुद्रावर बोलावं हे कोणाला विचित्र वाटेल. आमच्या गावात झिरो माइलचा दगड आहे, आणि तिथून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र लांबच. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपले तरी पाणी दिसत नाही, पुढे आख्खी मुंबई ओलांडावी लागते. त्यामुळे आमच्यापैकी पुष्कळांना समुद्र आधी पडद्यावर भेटतो आणि खरा नंतर. मला तो १९९८ च्या उन्हाळ्यात भेटला, नागपुरातल्या सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये, बाबांच्या शेजारी बसून. सिनेमा अर्थातच 'टायटॅनिक'. बाहेर रात्रीचे नऊ वाजले तरी गरम वाफा, आत कूलरचा घरघराट, आणि पडद्यावर उणे दोन अंशांच्या पाण्यात कुडकुडणारी माणसं. घामाने सीट पाठीला चिकटलेली असताना माझ्या अंगावर काटा आला होता, हे मला नीट आठवतं.

जहाजाचा मागचा भाग उभा राहिला तेव्हा टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या. खऱ्या, मनापासून. आणि त्याच्या थोडंच आधी, एक म्हातारा-म्हातारी पलंगावर एकमेकांना धरून पडून राहतात आणि खालून पाणी येतं, तेव्हा शिट्ट्या मारणारी तीच पोरं चूप होती. त्या जोडप्याला सिनेमात काही सेकंद मिळतात. नाव कोणी घेत नाही. पुढे मी वाचलं की त्यामागे खरं जोडपं आहे, इसिडोर आणि आयडा स्ट्रॉस. नवऱ्याला सोडून आयडाबाई होडीत बसायला तयार झाल्या नाहीत. पण हे काही माहीत नसतानाही टॉकीज गप्प झालं होतं.

जेम्स कॅमेरूनच्या या सिनेमात एक जागा आहे, तिच्याकडे मी फार उशिरा लक्ष दिलं. सुरुवातीलाच, त्या बुडण्यातून वाचलेली आणि आता म्हातारी झालेली नायिका रोझ शोधमोहिमेच्या जहाजावर येते तेव्हा एक तज्ज्ञ तिला संगणकावर जहाज कसं बुडालं ते दाखवतो. इथे आदळलं, पाणी असं भरत गेलं, पुढचा भाग खाली गेला, मागचा वर आला, मधोमध मोडलं. रेषांचं जहाज दोनेक मिनिटांत बुडून मोकळं होतं. तो मोठ्या उत्साहाने सांगतो, कारण त्याच्या दृष्टीने तो यंत्रांचा आणि वजनाचा प्रश्न आहे. म्हातारी शांतपणे ऐकून घेते आणि एवढंच सांगते की प्रत्यक्षात ते जरा निराळं होतं.

दोनशे दशलक्ष डॉलर ज्या सिनेमावर खर्च झाले, त्यातलं बुडण्याचं दृश्य दिग्दर्शकाने पहिल्या अर्ध्या तासातच फुकट दाखवून टाकलं. आता काय होणार हे कुतूहल संपलं. उरलेल्या तीन तासांत पाहायचं राहिलं ते कोणाचं काय झालं, एवढंच. मला वाटतं, भव्यतेवर इतका पैसा लावणाऱ्या माणसाने भव्यतेवर दाखवलेला हा सगळ्यात मोठा अविश्वास आहे. आणि तरीही त्याने भव्यतेत कसूर ठेवली नाही. मेक्सिकोत रोसारितोच्या किनाऱ्यावर जवळजवळ खऱ्या मापाचं जहाज उभं केलं, त्याच्याभोवती एक कोटी सत्तर लाख गॅलनचं टाकं. जहाजाची उजवी बाजूच तेवढी पूर्ण बांधली होती. साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर डावी बाजू दाखवायची होती, म्हणून पाट्यांवरची अक्षरं उलटी लिहून घेतली आणि चित्र आरशासारखं फिरवलं. अशी मेहनत मला परकी वाटत नाही. आपल्याकडे गणपतीच्या देखाव्याला रात्र रात्र जागणारे हात असतात, त्याच जातीचे ते हात.

बाबांना मात्र जहाजाचं काही पडलं नव्हतं. बाबा आमच्या मोहल्ल्यातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. स्कूटरवरून घरी येताना शंकरनगरपर्यंत ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ते वाजवणारे पाह्यलेस ना?" त्या जहाजावर आठ वादक होते आणि आठही गेले, हे इतिहासातलं सत्य आहे. सिनेमात ते वाजवायचं थांबवतात, एकमेकांचा निरोप घेतात, आणि एकजण एकटाच पुन्हा सुरू करतो म्हणून बाकीचे परत फिरतात. बाबा आठवडाभर त्या परत फिरण्याबद्दलच बोलत होते. "आपण असतो तं फिरलो असतो का?" हा प्रश्न त्यांनी आईला, मला, मंडळातल्या तबल्यावाल्या काकांना, सगळ्यांना विचारला.

बरीच वर्षं माझा एक सोपा सिद्धांत होता: पाणी जितकं उशिरा येईल तितका सिनेमा चांगला. 'टायटॅनिक'मध्ये बर्फ यायला शंभरेक मिनिटं लागतात, तोवर आपण त्या लोकांबरोबर जेवलेलो, नाचलेलो असतो. मग २००६ चा 'पोसायडन' पाहिला. १६० दशलक्ष डॉलरचं काम, सुरुवातीला जहाजाभोवती फिरणारा लांबलचक देखणा शॉट, आणि पहिल्या वीस मिनिटांतच लाट. सिद्धांत पक्का झाला, असं वाटलं.

तो मोडला १९७२ च्या जुन्या 'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर'ने. तिथेही लाट जेमतेम अर्ध्या तासात येते. नव्या वर्षाची पार्टी चालू असताना जहाज उलटतं, छताची जमीन होते आणि माणसं तळाकडे, म्हणजे वरच्या दिशेने, चढू लागतात. आजच्या डोळ्यांना त्यातलं जहाज खेळण्यातलं वाटेल. त्या काळी जहाजाची छोटी प्रतिकृती पाण्यात सोडून कॅमेऱ्यातली फिल्म भरभर फिरवायचे, म्हणजे पडद्यावर पाणी संथ आणि जड दिसायचं. तरी थेंब काही लहान करता येत नाहीत, आणि खोटेपणा थेंबांतच पकडला जातो. पण मला त्या सिनेमातली बेल रोझेन विसरता येत नाही. शेली विंटर्सने ती केली आहे. लठ्ठ, वयस्कर, नातवाला भेटायला निघालेली बाई. शिड्या चढताना तिला खालून ढकलावं लागतं, आणि आपल्यामुळे सगळे अडकतात हे तिला कळत असतं. ते ओझं तिच्या चेहऱ्यावर सतत असतं. मग पाण्याने भरलेल्या मार्गात, दोर घेऊन पुढे गेलेला पाद्री अडकतो. आणि ही बाई सांगते की मुलगी असताना मी पाण्याखाली पोहण्यात विजेती होते. ती उडी घेते. त्याला सोडवते, पलीकडे पोचवते, आणि तिथेच तिचं हृदय थांबतं. गळ्यातलं पदक नातवाला द्या, एवढं सांगून.

तासभर ज्या शरीराची तिला लाज वाटत होती, त्याच शरीराने हे केलं. पाण्याने तिला तिच्यापुरता एक प्रश्न विचारला आणि तिने त्याचं उत्तर दिलं. पाणी लवकर आलं की उशिरा, हा हिशोब मी त्या दिवशी सोडला.

नव्या 'पोसायडन'मध्येही असा एक प्रश्न आहे, म्हणून तो सिनेमा मला जास्तच हळहळायला लावतो. एक म्हातारा वास्तुविशारद जहाजावरून उडी मारून जीव द्यायला निघालेला असतो, तेवढ्यात त्याला लाट दिसते. थोड्या वेळाने तोच माणूस लिफ्टच्या पोकळीत लोंबकळतोय आणि त्याच्या पायाला एक तरुण वेटर लटकलाय. दोघांचं वजन पेलणार नाही. वरून सांगतात, झटकून टाक. आणि मरायला निघालेला माणूस जगण्यासाठी दुसऱ्याला लाथ मारतो. यावर आख्खी कादंबरी लिहिता येईल! सिनेमा तिथे फार थांबतच नाही. पुढची खोली भरायला लागलेली असते ना. दिग्दर्शक वोल्फगांग पेटरसन, ज्याने १९८१ मध्ये पाणबुडीतल्या खलाशांवर 'डास बोट' केला होता. त्यात छायाचित्रकार अरुंद पाणबुडीतून कॅमेरा हातात धरून माणसांमागे धावला होता, आणि वरून जाणाऱ्या शत्रूच्या जहाजाचा नुसता आवाज ऐकणारे चेहरे दाखवले होते. म्हणजे त्याला येत नव्हतं असं कोण म्हणेल? तरीही २००६ मध्ये त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला तो थांबला नाही.

हे सगळं मी पडद्यापुरतंच बोलत राहिले असते. पण २३ सप्टेंबर २०२३ ला पाणी आमच्या घरात आलं.

आमचं घर नाग नदीपासून दोन गल्ल्या आत. मध्यरात्रीनंतर विजा आणि पाऊस असा सुरू झाला की बोललेलं ऐकू येईना. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नदी रस्त्यांवर आली. शहरात चार माणसं गेली. हे आकडे नंतर कळले. तेव्हा मला ऐकू आला तो एक बारीक बुडबुड आवाज, मोरीच्या जाळीतून. लाट नाही, भिंत नाही. पाणी आमच्याकडे खालून, मोरीतून, चोरासारखं आलं. मग दाराखालून. मग स्वयंपाकघरातला रिकामा सिलिंडर तरंगून भिंतीवर ठक ठक आपटायला लागला. सिनेमात हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

मी सगळ्यात आधी लॅपटॉप उचलून कपाटावर ठेवला. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. आणि आई, जिला बाबांच्या पेटीचा जन्मभर वैताग होता, "पहाटे पहाटे काय ते भें भें" म्हणायची, ती गुडघाभर पाण्यात वाकून दिवाणाखालून पेटी ओढत होती. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, "आई, सोड ते, कागदपत्रं पाहा आधी." ती म्हणाली, "कागदं तू पाह्य." तिने पेटी छातीशी धरली आणि जिना चढली. भाता भिजला होता, पुढे काही सूर गंजले ते गंजलेच.

वरच्या मजल्यावरच्या काकांशी आमचं गच्चीच्या किल्लीवरून वर्षानुवर्षं भांडण. वाळवण घालायलाही त्यांनी कधी किल्ली दिली नव्हती. त्या रात्री ते गच्ची उघडून जिन्यात टॉर्च घेऊन उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला मोजत होते. "बारा झाले. आजी कुठे आहेत? आजी आल्या नाहीत." ते स्वतःच उतरले आणि शेजारच्या तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट वर घेऊन आले, एका बाजूने ते आणि दुसऱ्या बाजूने दूधवाला पोरगा.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर आमचं शहर दाखवलं. वरून काढलेले शॉट, रस्त्यावर रबरी होड्या, पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या रांगा. पुण्याहून बहिणीचा फोन आला, "अगं, केवढं भयंकर!" मी पाहत होते आणि मला ते ओळखीचं वाटेना. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्यात फक्त किल्ली नव्हती, पेटी नव्हती, सिलिंडरची ठक ठक नव्हती. केरळच्या २०१८ च्या पुरावर निघालेल्या '२०१८' या मल्याळम सिनेमात मला ते पुष्कळसं सापडलं. तिथेही पाण्याची कमाल दृश्यं आहेत, पण मनात घर करतात ती माणसं. समुद्रावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून आत, दुसऱ्यांच्या बुडालेल्या गावांत घेऊन जातात.

त्या रात्री गच्चीच्या जिन्यात खुर्चीवर बसलेल्या आजींनी विचारलं होतं, "भरती लागलीय का ओहोटी?"

नागपुरात. कोणालाच काही बोलता आलं नाही. आजींचं माहेर कोकण किनाऱ्यावरचं, रेवसजवळचं. लग्न करून रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर साठ वर्षांपूर्वी इकडे आल्या, बोली अर्धी वऱ्हाडी झाली, पण मला अजून 'बाय' म्हणतात. त्यांच्या डोक्यात पाणी म्हटलं की ते चढणार किंवा उतरणार, दोनच गोष्टी. चढत असेल तर वर जायचं, उतरत असेल तर थांबायचं.

आजींचा मामा रामदास बोटीवर होता. १७ जुलै १९४७, आषाढ अमावस्या. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. नागपूरच्या माझ्या पिढीतल्या किती जणांना हे माहीत असेल? मला स्वतःला ते आजींकडून कळलं, आणि तोवर मला टायटॅनिकच्या होड्यांची संख्यासुद्धा पाठ होती, वीस.

आजी तेव्हा सात वर्षांच्या. मी त्यांच्याकडून ही गोष्ट निदान पाचदा ऐकली असेल. मामा गिरणीत होता. बांधावरून येताना आधी त्याची शीळ ऐकू यायची, मग तो दिसायचा. पुढचे दोन दात फाकलेले, म्हणून शीळ फुटकी. आषाढ अमावस्येला घरी येतो असं पत्र आलेलं. पत्रात होतं, पोरीसाठी परकराचं कापड घेतलंय. रंग लिहिला नव्हता. म्हणून आजी आदल्या रात्रभर विचार करत होत्या, निळा असेल की हिरवा. सकाळपासून आईने तांदळाच्या भाकऱ्या टाकायला घेतल्या, कोंबडी शिजत होती. मामा आल्याशिवाय कोणी जेवायचं नाही असं ठरलेलं. भूक लागली म्हणून धाकट्याने रडून घेतलं, त्याला गूळ दिला. आजी हे सांगताना हातांनी भाकरी थापून दाखवतात. अर्धा तास जातो, चहा थंड होतो.

"मग रामदास बुडाली."

आजींच्या गोष्टीत बुडण्याला एवढंच एक वाक्य आहे. कधी त्यापुढे जोडतात की रेवसच्या कोळ्यांनी, जे मासळी घेऊन मुंबईला चालले होते, होड्यांतली मासळी समुद्रात फेकली आणि माणसं उचलली. आपला मामा त्या उचललेल्यांत नव्हता. लाट केवढी होती, बोट कशी कलली, हे मी एकदा विचारलं होतं. माझ्या प्रश्नात त्या भाच्याचंच कुतूहल होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते मला काय ठावं, बाय? मी घरी होते ना, भाकऱ्या मोजत."

रामदासवर कोणी मोठा सिनेमा करावा, असं मला फार वाटतं. पैसा लागेल, टाकं लागेल, ती लाटही पाहिजेच, कारण सहाशे माणसं ज्याने गेली ते पाणी लहान करून दाखवणं हाही अन्यायच. पण कॅमेरा सुरू व्हावा तो आदल्या संध्याकाळी, एखाद्या कापडाच्या दुकानात. गिरणीतून सुटलेला एक माणूस परकराच्या कापडाला हात लावून पाहतोय. दुकानदार दोन रंग काढून ठेवतो. कोणता घेतला, हे आपल्याला दिसू नये.

तर त्या रात्री भाच्याने 'पहिला दीड तास पळव' म्हटलं, तेव्हा आजीही आमच्याकडे होत्या. त्यांच्याकडे लाइट गेली होती आणि आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. त्यांना इंग्रजी कळत नाही, चष्माही घरी राहिलेला. पडद्यावर पहिल्या वर्गाचं जेवण चाललं होतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर काटेचमचे, झुंबर, आणि उसना कोट घालून आलेला तो पोरगा. भाच्याने रिमोट उचलला.

आजी म्हणाल्या, "थांब रे बाबू. माणसं जेवतायत ना. जेवू दे त्यांना."

भाच्याने रिमोट खाली ठेवला.